तेजाबाची हळद

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा विद्यार्थी ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नसे. हात बघितले की झालं. इतिहासवाल्यांच्या बोटांना शाई, फारसी कविता घेतलेल्यांच्या बोटांना अत्तर, आणि आमची बोटं म्हणजे रंगपंचमीच्या संध्याकाळचं अंगण. चांदीच्या क्षाराचे काळे डाग, आयोडीनचे तपकिरी, शोऱ्याच्या तेजाबाचे, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडचे, पिवळे. शेरवानीच्या बाहीला पडलेली भोकं वेगळीच. त्यांना आम्ही पदकं म्हणायचो.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, म्हणजे जुनी. मी बदनापूरजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, रेल्वेनं जायचं आणि तिथंच खोली करून राहायचं. शिकवणं सगळं उर्दूतून. त्यामुळे मी रसायनशास्त्र ऐकायचो उर्दूत, हिशेब करायचो मराठीत आणि सूत्रं लिहायचो इंग्रजी अक्षरांत. वहीतली ओळ उजवीकडून निघायची, सूत्र डावीकडून निघायचं, आणि पानाच्या मध्यावर दोघांची अशी टक्कर व्हायची की कुणी कुणाला वाट द्यायची ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा माझ्या हायड्रोजनची आणि एका क्रियापदाची इतकी गर्दी झाली की उस्तादांनी वही उलटीसुलटी फिरवून बघितली आणि म्हणाले, "मियाँ, इसमें से जो धमाका होगा वो ज़बान का होगा."

उस्ताद म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हैदराबादचे, उंच, बारीक, आणि पाठीतून किंचित वाकलेले, जणू जन्मभर कुठल्या तरी नळीत डोकावून बघतायत. त्यांच्या प्रयोगशाळेला तजरबाखाना म्हणायचे. एकाच इमारतीत शायरी, इतिहास, तर्कशास्त्र आणि आम्ही. आमच्या आणि फारसीच्या वर्गात एकच भिंत, आणि त्या भिंतीला वर झरोके. आम्ही गंधकाचा वायू काढला की तो शिस्तीत झरोक्यातून पलीकडे जायचा. एकदा फारसीचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावून आमच्या दारात आले.

"हज़रत," ते म्हणाले, "आज हमारे यहाँ महबूब की ज़ुल्फ़ों की ख़ुशबू का सबक़ था. यह क्या है?"

उस्तादांनी नळीवरची नजर काढली नाही. "गंधक है, जनाब. महबूब ने बाल नहीं धोए."

दोन्ही वर्ग हसले. भिंतीच्या अलीकडचा आणि पलीकडचाही. असं ते कॉलेज होतं, आणि त्या हसण्यासाठी मी आजही तेजाबाची बाटली नाकाला लावायला तयार आहे.

तर, हात.

त्या वर्षी माघात माझं लग्न ठरत आलं होतं. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची थोरली विधवा बहीण, माझी आत्या. आत्यानं ठरवलं होतं की पोरगा शहरात राहून फार शिकून गेला, आता त्याला खुंटीला बांधला पाहिजे. राजूरची मुलगी सांगून आली. तिला वडील नव्हते. ती मामाकडे वाढलेली, आणि मामाचं गणपतीच्या देवळासमोर हळद, कुंकू, शेंदूर, बुक्का, नारळ यांचं दुकान. चांगलं चालणारं. चतुर्थीला तर त्याच्या दुकानापुढे देवळापेक्षा जास्त गर्दी, असं मामाच म्हणायचा.

आम्ही मुलगी बघायला गेलो. आबा, मी आणि आत्या. पोहे झाले, पाणी झालं, मुलगी समोर बसली. आत्यानं तिला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं, चालायला सांगितलं, उखाणा घ्यायला लावला. मग मामानं मोठ्या मनानं म्हटलं, "तुला बी काही इचारायचं असंल तर इचार बाई. शिकेल मानूस हाये, राग न्हाई मानायचा." अर्थात मुलीनं काही विचारायचं नसतं. मान खाली घालून 'नाही' म्हणायचं असतं.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही त्या नळ्या इस्तवावर धरता, मंग त्या फुटत कशा न्हाईत?"

आत्याचा हात कपाळाकडे निघाला. आणि मी सांगायला लागलो. काच किती पातळ असते, ती तिरपी कशी धरायची, ज्योतीवर एका जागी न ठेवता कशी हलवत राहायची. हातात पोह्याचा चमचा होता, तो मी नळीसारखा धरून दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हंजी भाकर शेकताना फिरवतो तसं." मी म्हटलं, बराबर तसंच. त्या क्षणी माझं लग्न झालं, असं मी समजतो. बाकीचं सगळं नंतर लोकांनी लावून घेतलं.

दोन वर्षं मी रसायनशास्त्र शिकत होतो आणि तोवर मला त्याबद्दल कुणी प्रश्न विचारला नव्हता. आबा विचारायचे, "पास होशील का?" आत्या विचारायची, "जेवायला काय असतं?" गावातले विचारायचे, "सोनं करता येतं का?" ही एकटीच विचारत होती, नळी फुटत कशी नाही.

मामानं शब्द दिला. सुपारी फोडायचा दिवस पुढे काढू म्हणाला. मी कॉलेजात परत आलो आणि उस्तादांना दिवसभर खूश दिसलो असणार, कारण ते म्हणाले, "मियाँ, आज पानी में कुछ मिलाया है क्या?"

आणि मग एका गुरुवारी शोऱ्याच्या तेजाबाच्या बाटलीचं बूच अडकलं.

काचेचं बूच. ते अडकलं की हळूहळू गरम करून सोडवायचं असतं, पण मला सांजची गाडी गाठायची होती. आमची सुट्टी शुक्रवारी, जुम्म्याची, रविवारी नाही. मी बूच दोन्ही तळव्यांत धरून पिळलं, ते सुटलं, आणि बुचाखालचं तेजाब तळहातांवरून बोटांवर उतरलं. पाणी मिसळून पातळ केलेलं होतं म्हणून बरं. मी नळाखाली हात धरले, थोडी खाज आली, ती गेली. उस्ताद येऊन बघून गेले. "कुछ नहीं हुआ. लेकिन होगा," एवढंच म्हणाले.

मी स्टेशनाकडे धावलो. वाटेत बाजारात थांबलो, कारण आत्यानं अडकित्ता मागवला होता. तिचा जुना बोथट झाला होता. खिशात ठेवला तर शेरवानीला आणखी एक पदक मिळालं असतं, म्हणून तो हातातच धरला आणि गाडीत बसलो.

गाडी हलली आणि माझे हात पिवळे व्हायला लागले. आधी फिकट, मग लिंबासारखे, मग अगदी लख्ख. तळवे, बोटांची पेरं, नखांच्या कडा. समोर राजूरला संकष्टीला निघालेल्या दोन बायका बसल्या होत्या, एक म्हातारी आणि तिची सून. म्हातारी माझे हात बघत होती, मग अडकित्ता बघत होती, मग परत हात.

आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे हळद लागलेला नवरदेव ओळखायच्या दोन खुणा. पिवळे हात, आणि हातात लोखंडाचं काही तरी. सुरी, कट्यार, नाही तर अडकित्ता. दृष्ट लागू नये म्हणून. आणि तसा नवरदेव गावची शीव ओलांडत नाही, एकटा तर फिरतच नाही.

"बाबा," म्हातारी म्हणाली, "हळद लागल्यावर एकट्याला कसं सोडलं रे घरच्यांनी?"

"आजी, ही हळद न्हाई. शोऱ्याचं तेजाब हाये."

"असं का."

"कातडीत जो नायट्रोजनचा अंश असतो," मी म्हणालो. मला आमच्या पुस्तकातलं जेवढं येत होतं तेवढं सगळं मी त्या दोघींना सांगितलं. तेजाब कशापासून निघतं, शोरा कुठं सापडतो, पाण्यात मिसळताना आधी काय घालायचं. म्हातारी मान डोलावत राहिली. माझं संपल्यावर ती सुनेकडे वळून हलक्या आवाजात, म्हणजे डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, "लाजून राह्यलं लेकरू."

सुनेनं विचारलं, "कोनत्या गावचं?"

मी गाव सांगितलं. बदनापूरला उतरलो. त्या दोघी पुढे जालन्याला, आणि तिथून बैलगाडीनं राजूरला. दुसऱ्या दिवशी संकष्टी. देवळासमोर हळद-कुंकवाचं दुकान. पुढचं मी सांगायला नको.

घरी आत्यानं अडकित्ता घेतला, माझे हात बघितले आणि खालीच बसली. तिला समजवायला मला जेवण होईपर्यंतचा वेळ लागला, आणि समजली तेव्हा तिनं हात राखेनं, मग शिकेकाईनं, मग खोबरेल लावून घासून काढले. पिवळा रंग ढिम्म हलला नाही. आबा बाजेवर बसून बघत होते. ते म्हणाले, "घासू नको ताई. कातडं जाईन, रंग न्हाई जानार."

पुढच्या गुरुवारी मी घरी परत आलो. राजूरहून निरोप आला होता. मामा उद्या येणार आहे, शब्द परत घ्यायला. मुलानं शहरात लग्न उरकलंय, नवरदेवाच्या हळदीनिशी, हातात अडकित्ता घेऊन, गाडीतून पळून जाताना लोकांनी बघितलंय. मुलगी शेवटी मामाची भाची. बापाविना पोर, तिला सवतीवर कोण देईल.

मी आत्याला विचारलं, "आन् ती काय म्हणाली?"

"कोन ती?"

"मुलगी."

"मुलीला कोन इचारतंय," आत्या म्हणाली.

मी अंगणात गेलो. सुगीचे दिवस होते, ज्वारीच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. मी त्यांना टेकून बसलो आणि विचार केला की जगात एकच मुलगी आहे जिला नळीबद्दल विचारावंसं वाटलं, आणि ती आता जाणार, आणि तीही असं समजून जाणार की मी लबाड आहे. मग माझ्यातला रसायनशास्त्रज्ञ उठून बसला. तो म्हणाला, अरे, हळद ओळखायची परीक्षा तर पोरासोरांना माहीत आहे. हळदीला चुना लावला की ती लाल होते. कुंकू त्यानंच होतं. मामाचं दुकानच त्यावर चालतं. तेजाबाच्या डागाला चुना लावू. तो लाल होणार नाही. मामा मान्य करेल. इतकं सोपं.

शुक्रवारी मामा आला. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि बोटांच्या पेरांत जन्माचं मुरलेलं लाल कुंकू. ओसरीवर घोंगडी टाकली होती, तिच्यावर तो टेकला, पण पाणी घेतलं नाही.

"पाव्हणं, पाणी तरी घ्या," आबा म्हणाले.

"पाणी घ्यायचे दिवस गेले. हात दाखवा म्हनाव त्याला."

मी हात दाखवले. मामा पुढे वाकला. आधी लांबून बघितलं, मग जवळून. मग, हे मी खरं सांगतोय, त्यानं माझं बोट धरून नाकाशी नेलं, हुंगलं, आणि जिभेला लावलं. हळदीची पारख तो जिभेनंच करायचा, सगळा बाजार त्याला मानायचा.

"चव न्हाई," तो म्हणाला. "वास बी न्हाई."

"मंग झालं की," मी म्हणालो. "हळद न्हाईच ती."

"थांब," मामा म्हणाला.

पण मी कुठला थांबतो. मी आत्याकडून हळदीची वाटी मागवली, मामाच्या चंचीतून त्याचाच चुना मागून घेतला. ओसरीच्या फरशीवर ओल्या हळदीची एक रेघ ओढली. बोलताना मी उस्तादांसारखा एक हात मागे बांधला होता, हे मला नंतर आठवलं. "मामा, ही घरची हळद. हा तुमचा चुना. बघा." चुना लावला. रेघ झरझर लाल झाली. आत्याला आनंद झाला. आबांनी मान हलवली. "आता हा माझा हात. हळद असंल तर लाल होईल. तेजाब असंल तर जसा हाये तसाच राहील." आणि मी माझ्या तळव्यावर चुना चोळला.

तळवा तसाच राहिला नाही. आधी काही झालं नाही. मग चुन्याच्या कडेनं एक रंग यायला लागला. पिवळा गडद झाला, मग नारिंगी, आणि शेवटी राजूरच्या गणपतीला चढवतात तसा चांगला शेंदरी.

त्याचं कारण मला नंतर कळलं. शोऱ्याच्या तेजाबानं कातडी पिवळी होते आणि चुन्यासारखं काही लागलं की नारिंगी होते. हा एक नामांकित प्रयोग आहे, पुस्तकात त्याला अर्धं पान दिलंय. पण तो धडा वरच्या वर्गाला होता.

मामा माझ्या हाताकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक शांती पसरली, जन्मभर ज्या गोष्टीवर पोट भरलं तीच नेमकी समोर आल्यावर माणसाला मिळते तशी.

"चव न्हाई. वास न्हाई. चुन्यानं नीट लाल व्हत न्हाई," तो बोटांवर मोजत म्हणाला. "हाये हळदच. भेसळीची हाये."

"मामा..."

"शहरात सगळीकडं हेच इकून राह्यले. पिवळी माती घालतेत, रंग घालतेत." मग तो आबांकडे वळला आणि त्याचा आवाज खरंच दुखावल्यासारखा झाला. "पाव्हणं, पोरानं चोरून लगीन केलं, ते एक डाव समजू. पन हळद तरी चांगली आनायची. आमी काय मेल्तो का?"

मी माझं आयुष्य उद्ध्वस्त होताना बघत होतो, आणि तरीही मला हसू येत होतं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की ते हसू जागीच विरलं. मग आबा म्हणाले, "मामा, एक करा. तुमची गाडी जालन्यावरूनच जाती. सराफ्यात सोनाराकडं हेच तेजाब असतंय, सोनं पारखायला. तुमच्या हाताला लावून बघा. मंग जे व्हईन ते व्हईन."

मामा विचारात पडला. पारख म्हटली की तो नाही म्हणू शकत नसे. "चला," तो म्हणाला.

जालन्यापर्यंत मी त्याच्या गाडीत बसून गेलो. माझी सगळी आशा सोनाराच्या बोटांवर होती. तो रोज तेजाब हाताळतो, त्याची बोटं पिवळी असणार, ती बघितली की मामाला दुसरं काही सांगायला नको. सराफ्यात पोचलो. सोनार म्हातारा, आणि त्याची बोटं कोळशानं आणि कसोटीच्या दगडानं काळी कुळकुळीत. खाली कुठला रंग असेल तो त्याच्या बायकोलाही माहीत नसावा.

सोनारानं काचेच्या काडीनं एक थेंब मामाच्या डाव्या तर्जनीवर ठेवला आणि लगेच पाण्याची वाटी पुढे केली. मामानं बोट बुडवलं, पुसलं, उजेडात धरलं.

"काय झालं?" त्यानं मला विचारलं.

"जरा थांबावं लागतं. ह्यांचं तेजाब पातळ दिसतंय."

"हळद थांबत न्हाई," मामा म्हणाला. "लावली की दिसते. मला दिवसाउजेडी राजूर गाठायचंय." आणि तो उठला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, रागानं नाही, आणि म्हणाला, "तुझं तुला लखलाभ व्हवो बाबा. आमची पोर आमच्याकडं." गाडी निघून गेली.

पुढचं मी बघितलेलं नाही. ते मला नंतर हिनं सांगितलं, आणि ही सांगायला लागली की मी मधे बोलत नाही, बोललो तरी चालत नाही.

मामा घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. त्यानं सगळं सांगितलं. चुन्याची परीक्षा, सोनार, सगळं. मामीनं पाण्याचा तांब्या दिला. तांब्या धरलेल्या हाताकडे ती बघत राहिली.

"ह्या बोटाला काय लागलं?"

"कुठं काय?"

"पिवळं."

मामानं बोट बघितलं. धोतराला पुसलं. मग उठला आणि मागच्या अंगणात गेला. ही मागच्या दाराच्या फटीतून बघत होती. मामानं बोट राखेनं घासलं. मग साबणानं. मग इकडे तिकडे बघितलं, बोट हुंगलं, जिभेला लावलं. मग चंची काढली आणि हळूच चुना लावला, आणि तिथंच दगडावर बसून राहिला, बोटाकडे बघत.

"भेसळीची हाये का मामा?" हिनं दारातून विचारलं.

मामी आतून म्हणाली, "इचार गं, कुठं लागली हळद ते बी इचार."

मामा त्या दिवशी जेवताना डावा हात मांडीखाली घेऊन बसला, असं ही सांगते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कॉलेजात जाऊन तोंड पाडून प्रयोग करत होतो. गुरुवारी तजरबाखान्यात आम्हाला ओळखायला अनोळखी क्षार दिले होते. मी नळी ज्योतीवर धरून उभा, लक्ष भलतीकडे, आणि दारात काळी टोपी. मामा. डाव्या तर्जनीला धडपा गुंडाळलेला.

वर्गातली मुलं बघायला लागली. उस्ताद पुढे गेले. मामाला उर्दू दुकानदारीपुरती यायची, पण बेधडक यायची.

"मास्तरसाब," मामानं धडपा सोडला, "ये कब जाता?"

उस्तादांनी बोट हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं. "खाल के साथ उतर जाएगा, हज़रत. नई खाल आएगी, साफ़ आएगी."

"और चूना लगाया तो नारंगी कायकू होता?"

उस्ताद सरळ उभे राहिले. वर्षानुवर्षं ते शिकवत होते, आणि 'कायकू' असं त्यांना वर्गात कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मामाला स्टुलावर बसवलं आणि वरच्या वर्गाचा तो धडा, अर्ध्या पानाचा, त्याला संपूर्ण सांगितला. आम्हीही ऐकला. मामा मधे मधे "बराबर" म्हणत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "तो हल्दी में की मिलावट भी तुमकू समझती?"

"मिलावट पकड़ने के लिए ही तो यह इल्म है."

मामानं कोटाच्या आतल्या खिशातून एक पुडी काढली. देवळापुढच्या दुसऱ्या दुकानाची. त्याच्या सरळ समोर बसणाऱ्या दुकानदाराची. ती त्यानं कधी आणि कशी आणली होती, विचारायची सोय नव्हती. उस्तादांनी पुडी माझ्याकडे दिली. "मियाँ, आप कीजिए."

मी चिमूटभर हळद नळीत घातली, पाणी घातलं, त्यावर मिठाच्या तेजाबाचे, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे, थेंब सोडले. नळी फसफसली. पिवळा फेस तोंडापर्यंत आला.

"खडूची पूड हाये," मी म्हणालो. "चांगली मूठभर घातलीय."

मामा बराच वेळ त्या फेसाकडे बघत राहिला. असं सुख मी माणसाच्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा बघितलंय. मग त्याचा हात परत खिशाकडे गेला. दुसरी पुडी निघाली. तिच्यावर त्याच्याच दुकानाचा गणपतीचा छाप होता. ती अर्धी बाहेर आली. मामानं माझ्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, उस्तादांकडे बघितलं. आणि पुडी हळूच परत आत गेली.

तो स्टुलावरून उठला. टोपी नीट केली.

"आबाला सांग," तो मला म्हणाला, "सुपारी येत्या पंचमीला फोडू. जल्दी करू." मग जरा जवळ येऊन, उस्तादांना कळू नये म्हणून मराठीत, "असा मानूस दुसऱ्याच्या घरात गेलेला परवडायचा न्हाई."

तो गेला. मी माझा क्षार पूर्ण केला आणि साफ चुकीचा ओळखला. उस्तादांनी कागदावर लाल रेघ मारली आणि मला गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी सोडून दिलं.

मी लोकांना सांगतो की माझं लग्न रसायनशास्त्रामुळे झालं. ही म्हणते, तसं काही नाही. ती म्हणते, त्या दुसऱ्या पुडीत काय होतं ते तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि मामा कधी ना कधी मला शोधत येणारच होता. त्यात काय होतं, ते मात्र तिनं मला अजून सांगितलेलं नाही. माहेरचं आहे, म्हणते.